सीपॅपच्या मास्क लीकचा आकडा कसा वाचायचा

"लीक ३० दाखवतंय, लई वाईट काय?" हा प्रश्न ओळखीतली सीपॅपवाली, म्हणजे झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री मास्कमधनं हवेचा दाब देणारी मशीन लावणारी माणसं मला सारखी विचारतात, आणि मी उलट विचारलं की ३० म्हणजे मिनिटाला ३० लिटर हवा जातेय ती रात्रभर का मधीच दहा मिनिटं, मशीन कुठली, मास्क फक्त नाकाचा का नाक-तोंड दोन्हीचा, तर त्यातलं कायच सांगता येत नाही, कारण मशीन घरी देताना चालू-बंद कसं करायचं एवढंच दाखवलेलं असतंय, लीक वाचायचं कुणी शिकवलेलं नसतंय. मी स्वतः सीपॅप लावून झोपतो. डॉक्टर नाही, पण बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबाग भागातल्या बऱ्याच जणांची मशीनमधली नोंदीची कार्डं लॅपटॉपला लावून बघून दिलीयत, त्यातनं जे कळलंय ते इथं एका जागी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, नुसता आकडा बघून घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका. लीक किती, यापेक्षा ते किती वेळ आणि रात्रीच्या कुठल्या वेळेला, हे बघितलं तरच पुढं काय करायचं ते कळतंय.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय, झोपेत घसा मिटून श्वास कसा अडतोय, हे ज्याच्या घरी मशीन आली त्याला माहीत असतंयच, म्हणून त्यात जात नाही. मशीन हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते, आणि तो दाब घशापर्यंत पोचायचा तर मास्क चेहऱ्याला नीट बसायला पाहिजे. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही ट्रीटमेंट पहिल्यांदा जगासमोर मांडली, तेव्हा तर मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट पदार्थानं चेहऱ्याला अक्षरशः चिकटवावा लागायचा. म्हणजे लीकची कटकट पहिल्या दिवसापासूनची आहे, तुमच्या एकट्याची नाही.

मास्कमधनं थोडी हवा जायलाच पाहिजे

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं नाहीतर जाळी असते, तिथनं सतत हवा बाहेर पडत असते. ती मुद्दाम ठेवलेली आहे. आपण सोडलेला श्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड तिथनंच बाहेर जातो, नाहीतर तोच परत आत ओढला जाईल. कुकरचं समजा, शिट्टीतनं वाफ गेली तर ते बरोबर आणि रिंगेतनं गेली तर ते लीक. मास्कमध्ये पण भोकातनं जाणारी हवा वेगळी आणि गालावरनं, नाकाच्या बाजूनं, तोंडातनं जाणारी हवा वेगळी.

भोकातनं किती हवा जाते ते मास्कवर आणि प्रेशरवर ठरतंय. साधारण प्रेशर (हवेचा दाब, तो सेंटिमीटर पाण्यात मोजतात) ४ असताना मिनिटाला २० लिटरच्या आसपास, प्रेशर २० ला गेलं की ५० लिटरच्या आसपास. नक्की आकडा मास्कच्या डब्यातल्या माहितीपत्रकात तक्त्यात दिलेला असतोय, तो कागद टाकून देऊ नका.

आणि इथं कळकळीनं सांगतो, ती भोकं कधीही बंद करू नका. शेजारी झोपणाऱ्याला गार वारा लागतोय म्हणून कुणी चिकटपट्टी लावतंय, कुणी रुमाल टाकतंय, आणि डिसेंबरमध्ये बेळगावची थंडी पडली की तोंडावरनं वाकळ ओढून झोपायची सवय तर आपल्या सगळ्यांचीच. सीपॅप लावल्यावर ही सवय सोडायची, वाकळ गळ्यापर्यंतच. वारा लागत असेल तर मशीन दुसऱ्या बाजूला ठेवा, तोंड फिरवून झोपा, कायपण करा, पण भोकं मोकळी पाहिजेत.

तुमची मशीन कुठला आकडा दाखवते ते आधी बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतोय. रेसमेड कंपनीच्या मशीन भोकातनं जाणारी हवा हिशोबातनं वजा करतात आणि उरलेलं, म्हणजे नको असलेलं लीक तेवढं दाखवतात. तिथं शून्य म्हणजे खरंच शून्य. फिलिप्सच्या मशीनच्या कार्डावर एकूण लीक लिहिलेलं असतंय, म्हणजे भोकातली हवा धरून, त्यामुळं तिथं ३५ दिसलं तरी त्यातलं बरंचसं भोकातलं असू शकतंय आणि मास्क एकदम फिट असू शकतोय. आता एका घरात रेसमेड, दुसऱ्या घरात फिलिप्स, दोघं रविवारी सकाळी चहाला भेटल्यावर एकमेकांचे आकडे लावून बघायला लागले की एकाला उगीच टेन्शन आणि दुसऱ्याला उगीच समाधान. वेगळ्या कंपनीचे आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत. बाकीच्या कंपन्यांच्या मशीन असतील तर पुस्तिकेत बघा किंवा सप्लायरला सरळ विचारा, "हे एकूण लीक आहे का भोकातली हवा वजा करून?" एवढा एक प्रश्न विचारला तर पुढचं निम्मं काम सोपं होतंय.

रेसमेडमध्ये २४ ही रेघ धरतात. मिनिटाला २४ लिटरपर्यंतचं नको असलेलं लीक मशीन भरून काढते, दाब टिकवून धरते आणि श्वास पण बरोबर मोजते. त्याच्या वर गेलं की मोठं लीक. काही रिपोर्टमध्ये लिटर पर मिनिटऐवजी लिटर पर सेकंद असतंय, तिथं तीच रेघ ०.४ म्हणून दिसते, तेव्हा ०.४ बघून "अर्धा लिटरपण नाही की" म्हणू नका, २४ आणि ०.४ एकच. फिलिप्सवाल्यांनी रात्रीतला किती वेळ मोठ्या लीकमध्ये गेला ते बघायचं. त्यांच्या भाषेत मोठं लीक म्हणजे एवढी हवा जातेय की श्वास अडला का नाही हे मशीनला खात्रीनं मोजता येत नाही.

हे मोजता न येणं महत्त्वाचं आहे. बरीच माणसं फक्त एएचआय बघतात, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा कमी पडला तो आकडा. ५ च्या खाली आला की झालं, म्हणतात. पण मोठ्या लीकमध्ये मशीनला श्वासच नीट कळत नसेल तर त्या वेळातला एएचआय कशावर विश्वास ठेवून घ्यायचा? २ दाखवत असेल तरी त्या तासात खरंच किती वेळा श्वास अडला ते मशीनला दिसलेलं नसू शकतंय. म्हणून आधी लीक बघायचं, ते ठीक असेल तरच एएचआयकडं बघायचं, हा क्रम मोडू नका.

मधला आकडा, ९५ टक्के आणि सगळ्यात मोठा

रिपोर्टमध्ये लीकचे दोन-तीन आकडे असतात. मीडियन म्हणजे निम्मी रात्र लीक याच्या खाली होतं. ९५ टक्क्यांचा आकडा म्हणजे रात्रीचा ९५ टक्के वेळ लीक याच्या खाली किंवा एवढंच होतं आणि फक्त ५ टक्के वेळ याच्या वर. सात तास झोपलात तर ४२० मिनिटं, त्याचे ५ टक्के म्हणजे २१ मिनिटं. ९५ टक्क्याला १८ लिहिलंय तर २१ मिनिटं सोडून बाकी सगळी रात्र लीक १८ च्या आत होतं, चांगलंच आहे. तिसरा सगळ्यात मोठा आकडा, तो ६० असो की ८०, त्याच्याकडं बघून घाबरायचं काय कारण नाही, कूस बदलताना मास्क सरकला, नाक खाजवलं, पाणी प्यायला मास्क वर केला, एवढ्यानं पण तो वर जातोय.

आता गंमत बघा, मीडियन ० आणि ९५ टक्क्याला ३० असेल तर मास्क मुळात बरोबर आहे, रात्रीतला एखादा तुकडाच बिघडतोय. मीडियनच २० आणि ९५ टक्क्याला २३ असेल तर रेघेच्या आत असूनही काहीतरी सतत चुकतंय. पहिल्याचा आकडा मोठा आहे पण दुरुस्ती सोपी, दुसऱ्याचा आकडा छोटा आहे पण पूर्ण सामान तपासायला लागणार. म्हणून म्हणतो, एका आकड्यावर काय ठरवू नका.

दिसतंय कुठं हे सगळं

मशीनच्या स्क्रीनवर सगळं मिळत नाही. रेसमेड एअरसेन्स १० मध्ये सकाळी मास्क सीलसमोर हसरं हिरवं तोंड किंवा रडकं लाल तोंड येतंय, काहींच्या सेटिंगमध्ये आकडेपण दिसतात. हसरं तोंड आलं की रात्र बरी गेली एवढंच समजतंय, कुठल्या वेळेला काय झालं ते नाही.

ते बघायला एसडी कार्ड. मशीनच्या बाजूला झाकणाखाली असतंय, आणि बारीक-सारीक नोंद कार्डावरच होते, कार्ड नसेल तर रात्रीचा नुसता गोषवारा राहतोय. म्हणून कार्ड आहे का ते आजच बघा, जुनी मशीन घेतलेल्यांच्या तर ती जागा रिकामीच सापडते. कार्ड काढायचं ते मशीन थांबलेली असताना. काढल्यावर कार्डाच्या कडेला जी छोटी कुलपाची खिट्टी असते ती लॉक करायची आणि मगच कॉम्प्युटरला लावायचं, नाहीतर कॉम्प्युटर त्यात आपल्या फायली लिहून ठेवतोय. परत मशीनमध्ये घालताना खिट्टी उघडायची, विसरलात तर त्या रात्रीची नोंदच नाही.

कॉम्प्युटरवर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतंय, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतंय, रेसमेड-फिलिप्सच्या बऱ्याच मशीन ते वाचतंय. घरात कॉलेजला जाणारं कोण असेल तर अर्ध्या तासात करून देईल. त्यात रात्रीचा पूर्ण ग्राफ येतोय, खाली वेळ, वर लीकची रेघ, त्याच्यावर प्रेशरची रेघ, त्याच्यावर श्वास अडल्याच्या खुणा. फिलिप्सवाल्यांना ऑस्कर एकूण लीकमधनं भोकातली हवा अंदाजानं वजा करून दाखवतंय, तो अंदाज आहे हे ध्यानात ठेवायचं.

ग्राफ बघून ओळखायचं कसं

रेघ बहुतेक वेळ तळाला आणि मधी-मधी काट्यासारखी वर जाऊन लगेच खाली येते, तर सोडून द्या. कुणाच्याच ग्राफमध्ये असे काटे नाहीत असं नसतंय. मास्क काढून बाथरूमला जाऊन आला आणि मशीन चालूच राहिली तर तिथं एक उंच चौकोन दिसणार, तो पण लीक नाही. मास्क काढला की आपोआप थांबायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती बंद असेल तर चालू करून घ्या म्हणजे आकडे उगीच बिघडत नाहीत.

झोपल्या मिनिटापासून रेघ १५-२० वर जाऊन तिथंच सपाट राहिली, सकाळपर्यंत तशीच, तर चेहऱ्याकडं नंतर बघा, आधी सामान बघा. कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची गादी, खाचेत पूर्ण बसलंय काय, पाइपला चीर आहे काय, पाण्याच्या डब्याचं झाकण नीट बसलंय काय. हवा मशीनमधनं मोजली जाते, त्यामुळं पाइपातनं किंवा डब्यातनं गेलेली हवापण लीक म्हणूनच मोजतात. मशीन चालू करून पाइपचं तोंड हाताच्या तळव्यानं दाबा आणि पाइपवरनं कान फिरवत न्या, चीर असेल तर सूंऽऽ आवाज येतोय. हे सगळं बरोबर असेल तर मशीनमधली मास्कची सेटिंग बघा. रेसमेडमध्ये नेझल (नाकावरचा), पिलो (नाकपुडीत बसणारा), फुल फेस (नाक-तोंड दोन्हीवरचा) असं निवडायचं असतंय, आणि त्यावरनंच भोकातली किती हवा वजा करायची ते मशीन ठरवते. मास्क बदलला आणि सेटिंग जुनीच राहिली की आकडा चुकणारच, मास्क बिचारा फिट असला तरी.

पहिले तीन-चार तास रेघ खाली आणि पहाटे तीननंतर वर, आणि त्याच वेळेला प्रेशरची रेघ पण वर, हा प्रकार मला सगळ्यात जास्त बघायला मिळतोय. कारण सरळ आहे. पहाटेकडं स्वप्नाच्या झोपेचा वेळ वाढतोय, त्यात अंग ढिलं पडतंय, जबडा सुटतोय, घसा जास्त मिटतोय म्हणून ऑटो मशीन प्रेशर वाढवते, आणि तुम्ही मास्क बसवलेला असतोय रात्री दहाला, कमी प्रेशरवर. ८ प्रेशरला बसलेला मास्क १३ ला तसाच बसेल असं नाही. यावर उपाय खाली सांगतो.

रेघ एकदम वर, पाच-दहा मिनिटं सपाट, एकदम खाली, परत वर, असं रात्रभर चाललंय आणि मास्क फक्त नाकाचा आहे, सकाळी तोंड कोरडं पडतंय, जीभ टाळूला चिकटते, तर तोंडातनं हवा जात असण्याची शक्यता जास्त. शंभर टक्के नाही, पण बाजूला झोपणाऱ्याला विचारा, ते सांगतील "मध्यान रात्री तोंड उघडून फुस्स फुस्स करूलालतासा" म्हणून. ग्राफपेक्षा त्यांचं सांगणं पक्कं असतंय.

शेवटचा प्रकार एका रात्रीत दिसत नाही. आठवड्या-आठवड्यानं ९५ टक्क्यांचा आकडा हळूहळू चढत जातोय, ६, ९, १४, १९. कुशन म्हातारं झालंय. सिलिकॉन पिवळं पडतंय, कुशनचा ओठ, म्हणजे पातळ कडा, कडक होतोय, बोट लावलं की पूर्वीसारखं परत वर येत नाही. बदला. पैसे जातात हे खरं, पण बऱ्याच मॉडेलचं फक्त कुशन मिळतंय, पूर्ण मास्क घ्यायची गरज नसते, सप्लायरला तसं स्पष्ट सांगा.

लाइट जाण्याबद्दल एक. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तिथल्यांना सांगायला नको. ग्राफमध्ये ती जागा रिकामी दिसते, ते लीक नव्हे. पण मशीन बंद पडल्यावर मास्क लावून तसंच झोपून राहू नका, काढून ठेवा. फुल फेस मास्कला बाहेरची हवा आत यायची झडप असते, तरी काढलेलाच बरा. इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर पाणी गरम करणं बंद ठेवा, तेच जास्त करंट खातंय.

मास्क बसवायचा कसा

बसून नाही, झोपून बसवायचा. बसल्यावरचा चेहरा आणि आडवं झाल्यावरचा चेहरा वेगळा असतोय, गाल मागं जातात, जबडा सरकतोय. आणि मशीन बंद ठेवून नाही, हवा चालू करून. रेसमेडमध्ये मास्क फिट म्हणून एक सोय आहे, ती सुरू केली की मशीन थोडा वेळ नेहमीच्या प्रेशरनं हवा देते, त्या वेळात पट्टे लावून घ्यायचे. पहाटे लीक होणाऱ्यांनी हे नक्की करावं, कारण झोपताना रॅम्प चालू असेल तर मशीन सुरुवातीला अगदी हळू हवा देते आणि त्यावर बसवलेला मास्क पुढं टिकत नाही.

पट्टे आधी सगळे ढिले. मास्क चेहऱ्यावर ठेवा, हवा येऊ द्या, मग मास्क चेहऱ्यापासून थोडा पुढं ओढा आणि हळू परत ठेवा. कुशनच्या पातळ ओठात हवा भरते आणि तोच चेहऱ्याला चिकटतोय. मग पट्टे दोन्ही बाजूनं सारखे, थोडे-थोडे, हवा जायची थांबली की तिथंच थांबायचं. जास्त आवळलं की तो पातळ ओठ चपटा होतोय, सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतनंच हवा जाते, म्हणून आवळल्यावर लीक वाढतंय आणि लीक वाढलं म्हणून माणूस अजून आवळतोय. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ, गालावर पट्ट्याचे खड्डे दिसले तर पट्टे घट्ट आहेत, आकडा चांगला असला तरी ढिले करा. नाकावर जखम झाली की मग आठ दिवस मास्कच लावता येत नाही. आवळूनच आकडा खाली राहत असेल तर साइज चुकलीय किंवा मास्कच तुमच्या चेहऱ्याचा नव्हे.

एक कूस, दुसरी कूस, उताणं, तिन्हीकडं करून बघा. उशी मास्कला बाजूनं ढकलते का ते बघा, आपल्याकडच्या सावरीच्या कापसाच्या उंच गच्च उशा असतात त्या फार ढकलतात, कमी उंचीची घेतली तर बऱ्याच जणांचं लीक तिथंच मिटतंय. पाइप ओढला जाऊ नये, पलंगाच्या डोक्याला दोरीनं सैल अडकवा. मच्छरदाणी लावत असाल तर पाइप खालनं दाबून आत न घेता वरच्या बाजूनं घ्या.

आपल्याकडची काही कारणं

मिशी. आपल्याकडं मिशीचा विषय नाजूक असतोय, कुणाला काढा म्हणायची माझी तयारी नाही. पण नाकावरचा किंवा फुल फेस मास्क मिशीवर बसत असेल तर केसांच्या मधनं हवा जाणारच, त्याला पट्टे काय करणार. तसल्यांनी नाकपुडीत बसणारा पिलो मास्क वापरून बघावा, तो मिशीच्या वर राहतोय. मात्र तोंड उघडून झोपत असाल तर तो चालणार नाही.

बायकांमध्ये चमकी, मोरणी. नाकपुडीच्या बाजूला कुशन टेकतंय तिथंच ती असते, तिथनं हवा निसटते आणि सिलिकॉनला बारीक चीरपण पडते. रात्री काढून ठेवणं सगळ्यात बरं. काढायची नसेल तर फुल फेस मास्क, ज्याची कडा नाकपुडीवर येत नाही, तो बघा. अंबाडा किंवा वेणी मागच्या पट्ट्याखाली येऊ देऊ नका, वेणी सैल घालून पुढं सोडा. डोक्याला तेल लावायचा दिवस असेल त्या रात्री तेल कपाळावर, कानापाशी उतरतंय आणि कुशन घसरतंय, तेल सकाळी आंघोळीच्या आधी लावा. झोपायच्या आधी चेहरा साबणानं धुवा, क्रीम नको. कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवून सावलीत वाळवा, गच्चीवर उन्हात टाकू नका.

कवळी काढून झोपणाऱ्यांचे गाल आत जातात. मास्कचं माप घेताना कवळी काढूनच घ्या, दुकानात कवळी लावून घेतलेलं माप घरी उपयोगाचं नाही. ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हमखास राहून जाते.

निपाणीकडं तंबाखूचा खकाणा, चिकोडी-अथणीकडं गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर, आणि खानापूरच्या पावसात घरात दमटपणा. याचा लीकशी काय संबंध? नाक चोंदतंय, नाक चोंदलं की तोंड उघडतंय, तोंड उघडलं की नाकाच्या मास्कमधली हवा तोंडातनं बाहेर. तिथं मास्क बदलून काय फायदा नाही, आधी नाक मोकळं करायला पाहिजे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनमधली पाणी गरम करून हवा ओलसर करायची सोय, बंद ठेवला असेल तर चालू करून बघा, कोरडी हवा लागली की नाक अजून चोंदतंय. पाणी डिस्टिल्ड वापरा, बोअरच्या पाण्यानं डब्यात पांढरे क्षार बसतात. थंडीत पाइपमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज येतोय, तेव्हा पाइप वाकळेखालनं घ्या आणि मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा. नाकाचं सगळं करूनही तोंड उघडतच असेल तर फुल फेस मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ बरेच फिरतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काय करू नका, नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर जिवावर बेतेल.

डोळ्यात वारा जात असेल, सकाळी डोळे लाल, चिकचिक, तर आकडा ५ असला तरी ते लीक मोठंच समजा. नाकाच्या दांड्यापाशी कुशन बसत नाही, वरचे पट्टे जुळवा किंवा साइज बदला. उलट ९५ टक्क्याला २० आहे पण झोप मोडत नाही, तोंड कोरडं पडत नाही, एएचआय खाली आहे, दिवसा ताजंतवानं वाटतंय, तर त्यामागं लागू नका, झोपा. काही माणसं आकडा शून्यावर आणायच्या नादात रात्री चारदा उठून पट्टे बघतात, त्यात झोपच जाते आणि झोपेसाठीच तर हे सगळं आहे.

आणि एका वेळेला एकच गोष्ट बदला. आज उशी बदलली तर चार रात्री तेवढंच, मग पट्टे. सगळं एकदम बदललं की कशानं फरक पडला तेच कळत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशोब लिहितो तिथंच त्या तारखेला ९५ टक्क्यांचा आकडा, एएचआय आणि काय बदललं ते दोन शब्दात लिहा.

डॉक्टरकडं कधी जायचं

मास्क, पाइप, उशी, नाक सगळं बघून झालं आणि तरीपण रोज रात्री बराच वेळ मोठ्या लीकमध्ये जातोय, किंवा लीकबरोबर एएचआय पण चढलाय, किंवा आकडे चांगले असून दिवसा झोप येतेच आहे, तर थांबू नका. प्रेशर स्वतः कमी-जास्त करू नका, कमी केलं तर लीक कमी दिसेल पण घसा मिटायला लागेल. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर पट्ट्याला चुंबकाची क्लिप असलेला मास्क घेऊ नका, घरात दुसऱ्या कुणाला असेल तरीपण आधी डॉक्टरांना विचारा. जाताना मास्क, एसडी कार्ड आणि कालनिर्णयाच्या पानाचा फोटो घेऊन जा, आणि "लीक होतंय" एवढंच न सांगता "पहाटे तीननंतर होतंय, उताणं झोपल्यावर होतंय, ८ ते १० प्रेशरला नाही, १२ च्या वर होतंय" असं सांगा. सप्लायरचा माणूस हुबळीचा कन्नड बोलणारा असो की कोल्हापूरचा, त्याच्यापुढं ग्राफ ठेवला की भाषेचं अडत नाही, मास्क बदलून बघायला दोन-तीन मागून घ्या आणि घेण्याआधी झोपून, हवा चालू करून बघा.

आणि जे रोज हायवेला गाडी घेऊन जातात, बेळगाव-निपाणी, बेळगाव-हुबळी, ट्रकवाले, वडापवाले, त्यांनी स्टिअरिंगवर एक जरी डुलकी आली तर लीक नीट होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची.